पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार: पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे असं का चालत नाही?

त्रिज्या

मुलांना गणित शिकवताना एक चूक इतक्यांदा समोर येते की तिच्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे. (टंकायच्या सोयीसाठी २ १/२ असं लिहिलं आहे, ते 'दोन पूर्णांक एक छेद दोन' म्हणजे अडीच असं वाचावं.)

गणित असं: २ १/२ × ३ १/३.

मुलं लिहितात: २ × ३ = ६, १/२ × १/३ = १/६, म्हणून उत्तर ६ १/६. खरं उत्तर ८ १/३ आहे. फरक किरकोळ नाही, दोनाहून जास्त आहे.

यात मला निष्काळजीपणा दिसत नाही. बेरजेत हीच रीत चालते. २ १/२ + ३ १/३ करताना आपण पूर्णांक पूर्णांकात मिळवतो, अपूर्णांक अपूर्णांकात मिळवतो आणि ५ ५/६ हे बरोबर उत्तर येतं. मग जे बेरजेत चाललं ते गुणाकारात का चालू नये, ही मुलाची शंका अगदी रास्त आहे. त्यावर "आधी अंशाधिक करून घ्यायचं (म्हणजे २ १/२ चं ५/२) आणि मग गुणायचं" एवढंच सांगितलं तर शंका तशीच राहते, फक्त एक हुकूम मिळतो. मूल तो हुकूम पाळतं आणि काही दिवसांनी विसरतं, कारण आत काहीच रुजलेलं नसतं.

आपलं उत्तर चुकलंय हे मुलाला स्वतःला कळावं, असं स्पष्टीकरण मला हवं आहे. तुम्ही कसं समजावता?

कर्णरेषा

आयत काढायला सांगा. लांबी ३ १/३, रुंदी २ १/२. लांबीत ३ जिथे संपतात तिथून उभी रेघ, रुंदीत २ जिथे संपतात तिथून आडवी रेघ. आयताचे चार भाग पडतात.

मोठा भाग: ३ × २ = ६
बाजूची उभी पट्टी: १/३ × २ = २/३
खालची आडवी पट्टी: ३ × १/२ = १ १/२
कोपऱ्यातला तुकडा: १/३ × १/२ = १/६

चारही मिळवले की ८ १/३.

मुलाने मोठा भाग घेतला, कोपऱ्यातला तुकडा घेतला आणि दोन्ही पट्ट्या सोडून दिल्या. त्या दोन पट्ट्या मिळून २ १/६ होतात. तुम्ही म्हणता तो फरक नेमका एवढाच आहे.

बेरजेत प्रत्येक भाग एकदाच मोजायचा असतो, म्हणून कोणता भाग कोणात मिळवला याने काही बिघडत नाही. गुणाकारात पहिल्या संख्येच्या प्रत्येक भागाने दुसरीच्या प्रत्येक भागाला गुणावं लागतं. दोन भाग इकडे, दोन भाग तिकडे, म्हणजे गुणाकार चार. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे (a + b)(c + d) आलं तरी मूल अडखळत नाही, कारण तो आयत त्याच्या ओळखीचा असतो.

पाटीपेन्सिल

आयत समजावण्यासाठी उत्तम, याबद्दल वाद नाही. पण गणित सोडवण्याची रीत म्हणून तो मुलांच्या गळी उतरवू नये असं माझं ठाम मत आहे. ५ ३/८ × २ ४/७ घ्या. चार भाग करायचे तर १०, २०/७, ३/४ आणि ३/१४ येतात. मग त्यांचा लसावि २८, मग चार अपूर्णांकांची बेरीज. प्रत्येक पायरीवर चुकायला जागा.

अंशाधिक करून: ४३/८ × १८/७. अठरा आणि आठ दोघांना दोनाने भाग जातो, राहिलं ४३/४ × ९/७ = ३८७/२८ = १३ २३/२८. संपलं. लसावि शोधावा लागला नाही, बेरीज करावी लागली नाही.

आधी रीत हातात बसू द्या. हात सरावला की डोकं कारण शोधायला मोकळं होतं.

त्रिज्या

@पाटीपेन्सिल, सरावाचं महत्त्व मान्य. पण कारणाशिवाय बसवलेली रीत दुसऱ्या रीतीत मिसळते, हा माझा अनुभव आहे. भागाकार शिकवला की हीच मुलं गुणाकारातही दुसरा अपूर्णांक उलटा करू लागतात. "कुठे उलटं करायचं आणि कुठे नाही" एवढंच त्यांच्या लक्षात असतं, आणि तेही अर्धवट.

गुणक

तुम्ही दोघं ज्या दोन रीतींबद्दल बोलताय त्या वेगळ्या नाहीत. अंशाधिक करणं हीसुद्धा त्याच आयताची रीत आहे, फक्त आयत वेगळ्या पद्धतीने कापलेला आहे.

तोच ३ १/३ लांबीचा आणि २ १/२ रुंदीचा आयत घ्या. आता चार असमान भाग करू नका. लांबी पूर्णपणे तृतीयांशात कापा, रुंदी पूर्णपणे अर्ध्यात कापा. लांबीवर १० तृतीयांश बसतात, रुंदीवर ५ अर्धे बसतात. सगळा आयत एकसारख्या छोट्या चौकटींनी भरला. चौकटी किती? १० × ५ = ५०. हा अंशांचा गुणाकार.

एका पूर्ण चौरसात अशा किती चौकटी मावतात? एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला २, म्हणजे ६. हा छेदांचा गुणाकार. प्रत्येक चौकट म्हणून १/६ आणि आयत म्हणजे ५०/६. पन्नास चौकटींतून सहा-सहाचे गट काढा. आठ पूर्ण चौरस निघतात आणि दोन चौकटी उरतात. ८ २/६, म्हणजे ८ १/३.

'अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद' या नियमाचं सगळं कारण या चित्रात आहे. अंशांचा गुणाकार चौकटी किती ते सांगतो आणि छेदांचा गुणाकार चौकट केवढी ते सांगतो. आणि अंशाधिक का करायचं, तर सगळा आयत एकाच मापाच्या चौकटींत मोजता यावा म्हणून. पट्टी सुटण्याची भीतीच राहत नाही, कारण पट्टी नावाचा वेगळा भाग उरतच नाही.

कर्णरेषा

@गुणक, हे फार आवडलं. चौकटीचा कागद घेऊन हे करून घेता येईल. सहा चौकटींचा (३ × २) एक 'पूर्ण' असं ठरवून जाड रेघेने गिरवायचं. मग नियम वेगळा सांगावाच लागणार नाही.

निवांत वाचक

मी शिक्षक नाही, मुलीचा अभ्यास घेतो. तिचा प्रश्न असा: बेरीज करताना छेद समान करावे लागतात, मग गुणाकारात का करायचे नाहीत? मला नीट सांगता आलं नाही.

गुणक

बेरजेत आपण तुकडे मोजतो. अर्धे आणि तृतीयांश वेगवेगळ्या आकाराचे, त्यामुळे "एकूण किती" या प्रश्नाला अर्थ यायला आधी सगळे एका आकाराचे करावे लागतात. गुणाकारात दोन संख्या आयताच्या दोन वेगवेगळ्या बाजूंवर बसतात. एक बाजू अर्ध्यात कापा, दुसरी तृतीयांशात कापा, दोघांचं काही भांडण नाही. त्यांच्या छेदण्यातून १/६ ची नवी चौकट आपोआप तयार होते आणि ती आयतभर सारखीच असते.

मुलीने तरीही छेद समान केले तर उत्तर चुकणार नाही. १५/६ × २०/६ = ३००/३६, आणि त्याचं संक्षिप्त रूप २५/३, म्हणजे तेच ८ १/३. फक्त आकडे उगाच मोठे झाले. खरी चूक पुढे होते. छेद समान केला की बेरजेच्या सवयीने तो तसाच ठेवला जातो: ३/५ × ४/५ = १२/५. इथे तिला एकच विचारा, की एकाहून लहान असलेल्या संख्येचा काही भागच घेतला तर तो एकाहून मोठा कसा होईल? १२/२५ हे उत्तर ती स्वतःच शोधेल.

निवांत वाचक

विचारलं. ती म्हणाली, "मग गुणून उत्तर लहान होतं?" आणि पुढचा बराच वेळ आमची त्यावरच चर्चा चालली. मनापासून आभार.

पाटीपेन्सिल

हा प्रश्न फार मोलाचा आहे, तो तिथेच सोडू नका. पूर्ण संख्यांच्या पाढ्यांमुळे 'गुणणे म्हणजे वाढणे' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गुणक एकाहून मोठा असेल तर संख्या वाढते, एक असेल तर तेवढीच राहते, एकाहून लहान असेल तर घटते. ३/४ ला १ १/३ ने गुणा, नेमका १ येतो. त्याच ३/४ ला २/३ ने गुणा, १/२ येतो. ही दोन गणितं शेजारी शेजारी मांडावीत.

त्रिज्या

आता मूळ प्रश्नाकडे परत येते. मुलाला स्वतःची चूक कळावी कशी? मी अंदाज घ्यायला शिकवते. २ १/२ × ३ १/३ चं उत्तर २ × ३ = ६ आणि ३ × ४ = १२ यांच्या मध्ये असलं पाहिजे. पण गोम अशी की ६ १/६ हे चुकीचं उत्तरसुद्धा या दोहोंच्या मध्येच बसतं! अंदाजाला ते सापडतच नाही.

शेषफळ

कारण दोन्ही संख्या एकदम ढोबळ केल्या. एकच ढोबळ करा, दुसरी आहे तशी ठेवा. २ १/२ × ३ = ७ १/२. गुणक ३ वरून ३ १/३ झाला तर उत्तर आणखी मोठं व्हायला हवं. ६ १/६ तर ७ १/२ पेक्षाही लहान आहे. चूक सापडली.

आणि ही तपासणी दर वेळी लागू पडते. दोन्ही संख्यांचा पूर्णांक १ किंवा त्याहून मोठा असेल, तर मुलाच्या उत्तरात 'पूर्णांक × पूर्णांक' शिवाय फक्त 'अपूर्णांक × अपूर्णांक' असतो. आपल्या तपासणीत त्या जागी 'अपूर्णांक × पूर्णांक' असतो. अपूर्णांक भाग एकाहून लहान आणि पूर्णांक किमान एक, म्हणून मुलाचं उत्तर तपासणीच्या आकड्याहून कायम लहानच निघणार. ही चूक यातून निसटू शकत नाही.

त्रिज्या

नेमकं हेच हवं होतं! एकच संख्या ढोबळ करायची. उद्यापासून हेच.

दशमान

तोंडी हिशेबाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. एक संख्या पूर्ण असेल तेव्हा अंशाधिक करत बसणं मला वेळखाऊ वाटतं. ४८ × २ १/१६ हे सरळ ९६ + ३ = ९९. अपूर्णांक पुढच्या पूर्णांकाच्या जवळ असेल तर वजाबाकी करावी: १६ × ३ ७/८ म्हणजे १६ × ४ मधून १६ × १/८ वजा, ६४ − २ = ६२. पावणेचार गुणिले आठ करताना आपण मनात हेच करतो. आठ चोक बत्तीस, त्यातून आठाचा पाव म्हणजे दोन गेले, तीस.

साड्यांचे वर्ग तर तोंडी सांगता येतात. साडेतीनचा वर्ग: ३ × ४ = १२, वर पाव, सव्वाबारा. साडेसातचा वर्ग: ७ × ८ = ५६, वर पाव, सव्वाछप्पन्न. कारण त्याच चार भागांच्या आयतात आहे. साडेसातच्या चौरसात दोन पट्ट्या प्रत्येकी ७ × १/२ च्या, दोन्ही मिळून नेमक्या ७. म्हणजे ४९ + ७ = ५६, आणि कोपऱ्यातला तुकडा १/४.

पूर्णांक सारखा असेल आणि दोन्ही अपूर्णांकांची बेरीज १ असेल तरी हेच जमतं. ४ १/३ × ४ २/३ : ४ × ५ = २०, कोपरा १/३ × २/३ = २/९, उत्तर २० २/९.

कर्णरेषा

अंशाधिक करून पाहिलं: १३/३ × १४/३ = १८२/९ = २० २/९. सुरेख!

शेषफळ

थोडा इतिहास. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम आजच्यासारखाच आहे: अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागावं. आणि त्याखालचं पहिलं उदाहरण पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचंच आहे, २ १/७ ला २ १/३ ने गुणा.

करून पाहा. १५/७ × ७/३. सात उडाले, पंधराला तीनाने भाग गेला, उत्तर नेमकं ५. इतके अवघड दिसणारे दोन अपूर्णांक आणि उत्तर पूर्ण संख्या! उदाहरण किती विचारपूर्वक निवडलं आहे ते पाहा. पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे गुणणाऱ्याचं उत्तर ४ १/२१ येतं, आणि पाचाशेजारी ते ठेवलं की चूक लपत नाही.

त्या काळी आपल्याकडे अंश आणि छेदाच्या मध्ये आडवी रेघ नसे. अंश वर, छेद खाली, आणि पूर्णांक असेल तर तो अंशाच्याही वर, अशी तीन मजली मांडणी असे.

पाटीपेन्सिल

हे उदाहरण मी जरूर वापरणार. गुणण्याआधी काटून घेण्याची सवय लागायला याहून चांगलं काय असेल? १०५/२१ करून मग संक्षेप करणारेही पाचावरच पोचतात, पण १०५ आणि २१ मधला समाईक अवयव ओळखायचं काम उगाच वाढवून घेतात.

काटण्यावरून आणखी एक चूक. काही मुलं अंशाधिक करण्याआधीच काटू लागतात. २ ३/४ × ४ १/३ दिसलं की वरचा ३ आणि खालचा ३ उडवतात. उरतं २ १/४ आणि ४ १/१, म्हणजे ९/४ × ५ = ११ १/४. खरं उत्तर ११/४ × १३/३ = १४३/१२ = ११ ११/१२.

गुणक

कारण त्या ३ आधी एक लपलेली बेरीज आहे. २ ३/४ म्हणजे २ + ३/४. खालच्या ३ ने भागायचं तर सगळ्या बेरजेला भागायला हवं, तिच्या एका तुकड्याला नाही. अंशाधिक केल्यावर संख्येत बेरीज उरत नाही, फक्त गुणाकार आणि भागाकार राहतात, म्हणून तेव्हाच काटायला परवानगी. पुढे बीजगणितात (x + ३)/३ मधले तीन उडवणारी मुलं दिसतात, तीही हीच चूक करत असतात.

निवांत वाचक

बीजगणितावरून आठवलं. २x म्हणजे २ गुणिले x, पण २ १/२ म्हणजे २ अधिक १/२. शेजारी लिहिण्याचे दोन वेगळे अर्थ?

गुणक

हो, आणि वरच्या वर्गांत पूर्णांकयुक्त रूप जवळजवळ नाहीसं होतं त्याचं हे मोठं कारण आहे. तिथे ५/२ असंच लिहितात. ऋण संख्यांतही हा घोळ होतो. −२ १/२ म्हणजे −(२ + १/२), म्हणजे −५/२. ऋण चिन्ह फक्त दोनाला लावलं की मुलं −२ × २ + १ = −३ करून −३/२ लिहितात. चिन्ह बाजूला ठेवायचं, २ १/२ चं ५/२ करायचं, मग चिन्ह परत लावायचं.

शेषफळ

वर्गात फळ्यावर लिहायला एक गणित देतो:

१ १/२ × १ १/३ × १ १/४ × १ १/५ × १ १/६ × १ १/७ × १ १/८ × १ १/९

आधी मुलांना अंदाज विचारा. सगळ्या संख्या एकाच्या आसपास, म्हणून बहुतेक जण एक-दीड सांगतील. मग अंशाधिक करा: ३/२ × ४/३ × ५/४ × ६/५ × ७/६ × ८/७ × ९/८ × १०/९. प्रत्येक अंश पुढच्या छेदाबरोबर उडतो. उरतात पहिला छेद २ आणि शेवटचा अंश १०. उत्तर ५.

पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे असं केलं तर १ आणि त्यापुढे नगण्य काहीतरी येईल. सगळ्या पट्ट्या सोडल्या की किती हरवतं ते इथे दिसतं.

त्रिज्या

हे करून घेतलं. पाच आल्यावर मुलांनी पुन्हा तपासायला मागितलं. मग त्यांना सांगितलं की अशीच साखळी १ १/१९ पर्यंत नेली तर? एकीने लगेच दहा सांगितलं, कारण शेवटचा अंश २०.

पण एका मुलाने असा प्रश्न विचारला की मी इथे घेऊन आले आहे. २ १/२ आणि १ २/३ यांची बेरीज ४ १/६ येते, आणि गुणाकारही ४ १/६! त्याला वाटलं आपलं चिन्ह चुकलं. योगायोग आहे की काही कारण आहे?

दशमान

अशीच आणखी एक जोडी मिळाली. २ १/३ आणि १ ३/४. बेरीज ४ १/१२, गुणाकार ४ १/१२.

गुणक

कारण आहे, आणि पूर्णांकयुक्त रूपात ते दिसतच नाही. दोन्ही जोड्या अंशाधिक करा: ५/२ आणि ५/३, ७/३ आणि ७/४. अंश सारखा, आणि छेदांची बेरीज अंशाइतकी. २ + ३ = ५, ३ + ४ = ७.

५/२ + ५/३ करताना छेद ६ होतो आणि वर ५ × ३ + ५ × २, म्हणजे ५ × (३ + २) = ५ × ५. गुणाकारातही वर ५ × ५ आणि खाली ६. म्हणून दोन्ही २५/६. त्या मुलाला सांगा, कोणतीही संख्या घे, तिचे दोन भाग कर, ते भाग छेदात लिही आणि मूळ संख्या दोन्हीकडे अंशात. ११ चे ४ आणि ७ केले तर ११/४ आणि ११/७, म्हणजे २ ३/४ आणि १ ४/७. पुढच्या जोड्या तो स्वतःच बनवेल.

त्रिज्या

२ ३/४ × १ ४/७ = १२१/२८ = ४ ९/२८. बेरीज ७७/२८ + ४४/२८ = १२१/२८. जमलं! आता त्याला तीन संख्यांचं विचारते, की तीन भाग केले तर काय होईल.